एसीएल पुनर्रचना : कंडरेची निवड

गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड तिरके बांधून ठेवणारा, सुमारे 3 सेंटिमीटर लांबीचा अस्थिबंध म्हणजे एसीएल (अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट). नडगी पुढे सरकू न देणे आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा सांभाळणे ही त्याची मुख्य कामे. तो मधोमध तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. म्हणून त्याच्या जागी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, बसवतात. सांगली-साताऱ्याकडे याला नुसते ‘लिगामेंटचे दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणतात. पेशंट तालमीतला किंवा कबड्डीच्या मैदानावरचा असतो, नाहीतर मोटारसायकलवरून पडलेला.

हे कलमच आहे, पण तासगावच्या बागेतल्यासारखे नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर बांधलेली द्राक्षाची काडी जिवंत असते. गुडघ्यात ओवलेल्या कंडरेतल्या बहुतेक पेशी मात्र आधी मरतात; मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात आणि दोरीचा हळूहळू अस्थिबंध होतो. या काळात, साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या सुमारास, ती सर्वांत कमजोर असते. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, चालणे सुधारलेले असते आणि पेशंटला वाटते आपण बरे झालो.

ब्रिस्टलचे सर्जन अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी 1917 मध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी वापरून अशी पुनर्रचना केली. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पद्धत केनेथ जोन्स यांनी 1963 मध्ये मांडली आणि पुढे कित्येक वर्षे तीच प्रमाण मानली गेली.

या पद्धतीत कंडरेचा मधला सुमारे 10 मिलिमीटर रुंदीचा पट्टा दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यांसह काढतात. कलम बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाशी हाड जुळत असल्याने पकड लवकर, 6 ते 8 आठवड्यांत बसते. तरुण खेळाडूंत हे कलम पुन्हा तुटण्याचे प्रमाणही कमी दिसते. किंमत मोजावी लागते ती गुडघा टेकताना. पट काढायला घुसणाऱ्या पैलवानाचा गुडघा रोज मातीत किंवा मॅटवर आपटतो, आणि पुढची दुखरी जागा नेमकी तीच. देवापुढे गुडघे टेकून बसणाऱ्या आजींनाही हे कलम जड जाते. पण त्यांना हे ऑपरेशन क्वचितच लागते.

मांडीच्या मागच्या-आतल्या बाजूच्या, ‘हॅमस्ट्रिंग’ म्हटल्या जाणाऱ्या दोन कंडरा, सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस, आज भारतात सर्रास वापरतात. छेद लहान असतो आणि गुडघा टेकायला त्रास कमी होतो. टेबलावर सहायक कंडरेला चिकटलेले मांस खरवडतो, चार पदरी घडी घालतो आणि भोके पाडलेल्या मापपट्टीतून ओढून पाहतो : साडेसात? आठ? 8 मिलिमीटरपेक्षा बारीक कलम तुटण्याचा धोका जास्त, म्हणून कमी भरले तर पाच-सहा पदर करतात. मग व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतात, जंतुसंसर्ग टळावा म्हणून. कंडरा हाडात धरायला मात्र 8 ते 12 आठवडे लागतात. शिवाय गुडघा खोल दुमडून ओढण्याचा जोर काहीसा उणा राहतो, म्हणजे पायाने प्रतिस्पर्ध्याला अडकवणाऱ्याचे थोडे नुकसानच. 2020 च्या एका मोठ्या चाचणीत बाहेरच्या बाजूने जादा पट्टी बांधल्यावर हॅमस्ट्रिंग कलम तुटण्याचे प्रमाण 11 वरून 4 टक्क्यांवर आले. वळणावळणाच्या खेळांतल्या तरुणांत ही जोड आता विचारात घेतली जाते.

वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्स कंडरा जाड असते आणि टेकताना कमी दुखते. तिच्याकडे कल वाढतो आहे. मांडीचा जोर परत यायला मात्र वेळ लागतो. घोट्याजवळची पेरोनियस लाँगस ही चौथी सोय, बांधा लहान असल्यास विशेष. चढाईतल्या कबड्डीपटूच्या घोट्याला पकड सोसावी लागते, तेव्हा ती घेताना विचार हवा. मृतदात्याची कंडरा तरुणांत अधिक वेळा तुटते. कृत्रिम दोऱ्यांनी पूर्वी सांध्यात सूज आणि तुटातूट दिली, म्हणून त्या मागे पडल्या.

मैदानावर परत जायला निदान 9 महिने धरावेत. दिवाळीत ऑपरेशन झालेल्या पैलवानाला चैत्रातल्या जत्रेची कुस्ती धरता येत नाही, कंडरा कुठलीही घेतली तरी.