प्लेटलेटला थंडी बाधते

डेंगीची साथ आली की रक्तपेढीच्या खिडकीशी बर्फ भरलेले डबे घेऊन नातेवाईक रांग लावतात. रक्त नासू नये म्हणून थंडच न्यायचं, हा त्यांचा हिशेब. तांबड्या पेशींच्या पिशवीला तो लागू पडतो, ती २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. प्लाझ्मा तर उणे ३० अंशांच्याही खाली गोठवतात. पण प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या इवल्या पेशींची, जागा २० ते २४ अंशांत. तिला बर्फात घालू नका, वॉर्डातल्या फ्रिजमध्येही नको.

खरं तर १९६० च्या दशकापर्यंत प्लेटलेटही थंडच ठेवत. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं, की खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरात कितीतरी जास्त टिकतात. असं का, ते कळायला आणखी तीसेक वर्षं गेली. शांत असताना प्लेटलेट चपटी, बशीसारखी असते. गारठली की ती गोल होते आणि तिला काटे फुटतात. तिच्या पृष्ठभागावर जीपी-वन-बी नावाची प्रथिनं असतात, ती एकत्र गोळा होतात. जास्त दिवस थंडीत राहिली तर या प्रथिनांच्या टोकांवरचं सायॅलिक आम्ल गळतं आणि खालची गॅलॅक्टोज शर्करा उघडी पडते. यकृताला एवढी खूण पुरते. तिथल्या पेशी अशा प्लेटलेट ओळखून गिळून टाकतात. पिशवी रुग्णाला चढते, पण काउंट, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेटची संख्या, टिकत नाही.

उबेत ठेवलेल्या प्लेटलेट जिवंत असतात, म्हणजे श्वसनही करतात. म्हणून पिशवीचं प्लास्टिक वायू आरपार जाऊ देणारं असतं आणि ॲजिटेटरवर ती सतत हलत असते. हलणं फार वेळ थांबलं तर ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टिक आम्ल साठतं, पीएच घसरतो. तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून अलगद फिरवतात. आत चकचकीत लाटा उठल्या तर बश्या शाबूत आहेत. गोल झालेल्या प्लेटलेटमध्ये ही झळाळी दिसत नाही.

मात्र या उबेत जिवाणूही सुखात वाढतात, म्हणून मुदत साधारण ५ दिवसांचीच.

आता काउंट वाढावा म्हणून पाजतात तो पपईच्या पानांचा रस. डेंगीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसरलेला काउंट बहुतेकांचा आपोआप वर येतो आणि श्रेय रसाला मिळतं. उलट रक्तस्राव नसताना काउंट १०,०००च्या वर असेल, तर सहसा पिशवीचीही गरज नसते. नुसता आकडा बघून डॉक्टरांच्या मागे लागू नये.

गंमत म्हणजे थंड प्लेटलेट आता परत येताहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये, नेहमीच्या प्लेटलेट मिळत नसतील तर रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णासाठी १ ते ६ अंशांवर १४ दिवसांपर्यंत साठवलेल्या प्लेटलेट वापरायला मुभा दिली. थंडीने त्या आधीच अर्धवट चेतलेल्या असतात आणि जखमेवर लगेच चिकटतात. अपघातातल्या माणसाला त्या आठवडाभर टिकायला नकोच असतात, त्याचं रक्त आत्ता थांबायला हवं असतं.