‘द वायर’ म्हणजे स्लो ‘ब्रेकिंग बॅड’ नाही रे बाबांनो

भाच्याने ‘द वायर’चे दोन एपिसोड बघितले, बंद केली आणि मला मेसेज टाकला, "मावशी, हे तर स्लो ब्रेकिंग बॅड आहे." त्याच आठवड्यात ऑफिसात डबा खाताना एकजण म्हणाला की ब्रेकिंग बॅड म्हणजे वायरच, फक्त फास्ट केलेली. दोघांचं म्हणणं एकच, दोन्हीत ड्रग्ज, दोन्हीत पोलीस मागे लागलेले, दोन्हीचं रेटिंग नऊच्या वर, मग एक बघितली की दुसरी बघितल्यासारखीच. हे ऐकलं की मला वडापावला ‘इंडियन बर्गर’ म्हणणारे आठवतात. पाव दोन्हीकडे असतो हो, मान्य.

ब्रेकिंग बॅड तुम्ही बघितलंय असं धरून चालते, एकदा नाही दोनदा बघितलं असेल, त्यामुळे पटकन उरकते. एएमसी चॅनल, 2008 ते 2013, 62 एपिसोड, विन्स गिलिगनने बनवलेलं, अल्बुकर्की शहर, कॅन्सर झालेला वॉल्टर नावाचा केमिस्ट्रीचा मास्तर जेसी ह्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ नावाचं ड्रग बनवायला लागतो. वायर त्याच्या आधीची, एचबीओवर 2002 ते 2008, 60 एपिसोड, बाल्टिमोर नावाचं बंदराचं शहर. पाच-पाच सीझन दोन्हीला. ब्रेकिंग बॅडला 2013 आणि 2014 ला बेस्ट ड्रामाची एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मिळाली, वायरला एकही एमी नाही, एक सुद्धा, आणि ह्यावरून कोणी काही सिद्ध करायला लागलं की मी डब्याचं झाकण लावून उठते.

दिसण्यातला फरक सांगायची गरज नाही, दहा मिनिटांत कळतो. एकीकडे वाळवंट, पिवळा उजेड, बादलीच्या तळातून लावलेला कॅमेरा. दुसरीकडे जुन्या टीव्हीसारखी चौकोनी फ्रेम (नंतर एचडीत रुंद केली, ती पण चालते), साधं शूटिंग आणि बॅकग्राउंड म्युझिक जवळजवळ नाहीच, गाडीतला रेडिओ चालू असेल तरच गाणं वाजणार. म्हणजे कुठे घाबरायचं, कुठे रडायचं हे म्युझिक सांगत नाही, तुमचं तुम्ही बघा. भाच्याला जे ‘स्लो’ वाटलं त्यातलं अर्धं हेच आहे.

आता खरा घोटाळा. लोक म्हणतात दोन्ही सिरीजमध्ये सिस्टीम साध्या माणसाला बिघडवते. ब्रेकिंग बॅडबद्दल तर हे इतक्या वेळा ऐकलंय, की बिचारा वॉल्टर, अमेरिकेत हॉस्पिटलचं बिल परवडत नाही, इन्शुरन्स बोंबललेला, काय करणार, परिस्थितीने केलं. अरे पाचवा एपिसोड बघताना चहा करायला गेला होतात का? पहिल्याच सीझनच्या पाचव्या एपिसोडात त्याचा जुना पार्टनर एलियट त्याला नोकरी देतो, चांगला इन्शुरन्स असलेली. नंतर एलियटची बायको ग्रेचेन फोन करून सांगते की ट्रीटमेंटचा खर्च आम्ही करतो. दार सताड उघडं, आत या, बसा, पाणी घ्या. आणि हा माणूस नाही म्हणतो आणि जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. पैशांचं कारण तिथेच संपलं, पुढचे सत्तावन्न एपिसोड जे आहे ते नाक आहे. शेवटच्या एपिसोडात तो बायकोसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करतो की मी हे माझ्यासाठी केलं, आणि तरी लोक हॉस्पिटलच्या बिलावरच अडलेत.

तर ब्रेकिंग बॅड ही एका माणसाच्या अहंकाराची गोष्ट आहे, सिस्टीम मागे पडद्यासारखी आहे. आणि वायर बरोबर उलटी, तिथे सिस्टीम पुढे आहे आणि माणसं तिच्यात येतात-जातात. लोक नेमकं ह्याच्या उलट धरून बसतात, वॉल्टरला परिस्थितीचा बळी म्हणतात आणि वायर म्हणजे गँगस्टर लोकांची स्टोरी म्हणतात. म्हणून मग ते वायरमध्ये वॉल्टर शोधत बसतात, हिरो कोण, डिटेक्टिव मॅकनल्टी का, की ड्रगवाल्यांचा नंबर दोन स्ट्रिंगर बेल, की तो शॉटगन घेऊन ड्रगवाल्यांनाच लुटणारा ओमर, आणि दोन एपिसोडात कोणीच हातात लागत नाही, मग बंद.

मी एक साधी टेस्ट करते. माणूस काढून बघा. ब्रेकिंग बॅडमधून वॉल्टर काढा, काय राहतं? त्याचा ड्रग्जवाल्यांना पकडणारा साडू हँक मागच्या अंगणात चिकन भाजतोय, जेसी कुठेतरी भुरटा माल विकतोय, बायको स्कायलर, तिचं बाळंतपण व्यवस्थित होतंय, सगळे सुखी. सगळं रामायण त्या एका माणसाने घडवलं. आता वायरमधून कोणालाही काढा. कॉर्नरवर ड्रग्ज विकणारा पोरगा, त्याचा बॉस, पोलीस कमिशनर, मेयर, कोणीही. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर दुसरा बसलेला असतो आणि पहिल्याने जे केलं तेच करत असतो. पहिल्या सीझनमध्ये एक सीन आहे, डी’अँजेलो नावाचा पोरगा हाताखालच्या दोघांना बुद्धिबळ शिकवतो, त्यातला एक विचारतो की राजा कसं व्हायचं, आणि हा सांगतो तसं नसतं, राजा राजाच राहतो. तिथे समजायचं आपण कुठली सिरीज बघतोय.

आणि हे लिहिणारी माणसं बाहेरून बघून लिहिणारी नाहीत. डेव्हिड सायमन ‘बाल्टिमोर सन’ पेपरात क्राईम रिपोर्टर होता. त्याच्याबरोबरचा एड बर्न्स आधी त्याच शहरात पोलीस डिटेक्टिव, मग तिथेच शाळेत मास्तर. म्हणून पहिल्या सीझनला कॉर्नर आणि पोलीस, दुसऱ्याला गोदी, तिसऱ्याला राजकारण, चौथ्याला शाळा, पाचव्याला पेपरचं ऑफिस, दर वेळी शहराचं नवीन दार उघडतात आणि आत तेच चाललेलं असतं, आकडे चांगले दाखवा. पोलिसांना खुनाचा छडा लागलाय असं बोर्डावर दिसायला पाहिजे, शाळेला पोरं पास झाल्यासारखी दिसायला पाहिजेत, आत काय आहे त्याच्याशी वरच्याला देणंघेणं नाही.

ही गोष्ट मुंबईकराला समजवावी लागू नये खरं तर. माझा फोन दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये पर्सची चेन उघडून काढला, अगदी हात लागलेला कळला मला. तक्रार द्यायला गेले तर समोरचा शांतपणे म्हणतो, मॅडम चोरीला गेला असं नका लिहू, गहाळ झाला लिहा, पटकन होईल. मी थकलेली होते, लिहिलं. चोरी झालीच नाही, आकडा वाढला नाही, सगळे खूष. त्या साहेबाला मी व्हिलन म्हणू का? त्याच्या जागी उद्या दुसरा आला तरी तो मला तेच सांगणार, कारण त्याच्या डोक्यावर पण कोणीतरी महिन्याचे आकडे घेऊन बसलाय. ही झाली वायर. वॉल्टर व्हाइट असता तर त्याने फोन परत आणायला तीन माणसं मारली असती आणि वर म्हणाला असता घरच्यांसाठी केलं.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तर मी हसून हसून गेले, पाण्यात एक प्रेत सापडतं आणि ते कोणाच्या हद्दीत येतं ह्यावरून खातीच भांडायला लागतात, आणि शिक्षा म्हणून बोटीवर टाकलेला मॅकनल्टी भरती-ओहोटीचा हिशोब काढून ते आपल्या जुन्या साहेबाच्या हद्दीत ढकलतो, निव्वळ त्याचा रेकॉर्ड खराब व्हावा म्हणून. हद्द आमची नाही हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदा ऐकलंय त्याला हा सीन सबटायटलशिवाय कळेल.

आणि दुसऱ्या सीझनवरून आठवलं. "दुसरा सीझन बोअर आहे, डायरेक्ट तिसऱ्यावर जा" असा सल्ला देणाऱ्यांशी माझं कायमचं वाकडं आहे. हो, पहिल्या सीझनमधली माणसं अचानक बाजूला पडतात आणि गोदीतले गोरे कामगार समोर येतात, पहिल्यांदा मलाही वाटलं हे काय भलतंच. पण मी लालबागच्या चाळीत वाढलेली आहे, काका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, आणि त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या घरांचं काय झालं ते मला कोणी सिरीजमध्ये दाखवायची गरज नव्हती. बायका पोळीभाजी करून द्यायला लागल्या, पोरं नाक्यावर उभी राहायला लागली, आणि नाक्यावर उभ्या राहिलेल्या पोरांना कामाला लावणारे भाई तेव्हा कमी नव्हते.

तर बाल्टिमोरच्या गोदीत फ्रँक सोबोत्का नावाचा युनियनवाला आहे. जहाजं यायची कमी झालीत, पोरांना आठवड्याला दोन दिवस काम मिळालं तरी नशीब. हा स्मगलरांचे कंटेनर गपचूप बाहेर काढून देतो, आणि मिळालेला पैसा स्वतःच्या घरात नाही नेत, पुढाऱ्यांमागे खर्च करतो, का तर कालव्यातला गाळ काढावा, धान्याचा जुना धक्का परत चालू करावा, म्हणजे मोठी जहाजं येतील आणि सगळ्यांना काम मिळेल. आणि त्या धक्क्यावर बिल्डरला काय पाहिजे? फ्लॅट. पाण्याकाठचे महागडे फ्लॅट. त्याचा पुतण्या गर्लफ्रेंडला घेऊन घर बघायला जातो तर ते त्यांच्याच नात्यातल्या बाईचं जुनं घर निघतं, रंगरंगोटी करून किंमत अशी लावलेली की ह्या दोघांनी फक्त बघून परत यायचं. मी ते बघताना पॉज केलं आणि थोडा वेळ खिडकीतून समोरचा टॉवर बघत बसले, गिरणीच्या जागेवरचाच आहे तो.

आता सोबोत्का आणि वॉल्टर शेजारी ठेवा. दोघंही सांगतात की मी हे माझ्या माणसांसाठी करतोय. वॉल्टरचं खोटं आहे आणि त्याला बाहेर पडायचा रस्ता दिलेला होता. सोबोत्काचं खरं आहे, आणि त्याला रस्ता नाहीच. एवढा फरक ज्याला कळला त्याने दोन्ही सिरीज बघितल्या म्हणायच्या.

ह्यात चांगली कुठली हा प्रश्न मला विचारू नका, म्हणजे विचारा, मी वायरच सांगणार, पण उत्तराचा तुम्हाला उपयोग नाही. ब्रेकिंग बॅडमध्ये तुम्हाला काय आवडलं ते आठवा. पुढे काय होणार म्हणून रात्री दोनला ‘नेक्स्ट एपिसोड’ दाबायचात, तर मग ‘बेटर कॉल सॉल’ लावा, 2015 ते 2022, 63 एपिसोड, तेच शहर, तीच मंडळी, परत एक माणूस स्वतःच्या स्वभावाने कसा बुडतो ते, आणि माझं मत विचाराल तर काही जागी मूळ सिरीजपेक्षा सरस. पण हँकच्या ऑफिसातले सीन, ड्रगवाल्या गस फ्रिंगचा धंदा, माल कुठून येतो, पैसा कुठे जातो, ह्यात मजा आली असेल तर वायर तुमची आहे. हिंदीत नवीन गँगस्टर सिरीज आली की कोणीतरी "हे आपलं वायर" म्हणून सुरू होतं, ‘सेक्रेड गेम्स’ला पण म्हणाले, अहो ती गायतोंडे ह्या एका गँगस्टरची गोष्ट आहे, तो स्वतःच बसून सांगतोय की. त्यातल्या त्यात ‘दिल्ली क्राईम’मध्ये पोलीस स्टेशनातली लाइट जाते, गाड्या-माणसं पुरत नाहीत, ते जरा त्या वाटेने जातं.

वायर लावलीत तर इंग्लिश सबटायटल चालूच ठेवा, ती बोली कानाला बसायला वेळ लागतो, त्यात लाज नाही. ट्रेनमध्ये फोनवर तर अजिबात बघू नका, घाटकोपरला गर्दी चढेपर्यंत तुमच्या तीन नावांचा गोंधळ झालेला असेल, आणि दीडच्या स्पीडने बघणाऱ्यांनी तर बघूच नये. निदान चौथ्या एपिसोडपर्यंत थांबा. तिथे दोन डिटेक्टिव एका रिकाम्या किचनमध्ये अख्खा जुना खून उलगडतात आणि तोंडातून एकच शिवी वेगवेगळ्या सुरात सोडून दुसरा शब्द काढत नाहीत. तो सीन बघून पण ‘स्लो’च वाटली तर सोडा, माझी तक्रार नाही. चौथ्या सीझनला, शाळेच्या, रुमाल जवळ ठेवा. पाचवा थोडा ताणलाय, सायमनने जुन्या पेपरवरचा राग काढलाय असं मला वाटतं, पण तिथपर्यंत आलेला माणूस थांबत नाही.

भाचा परत सुरू करतोय म्हणाला, ह्या वेळी टीव्हीवर. त्याला एकच सांगितलंय, नाव विसरलास तर मला फोन कर पण गुगल करू नकोस, तो सर्च बॉक्स अर्ध्या नावातच सांगून टाकतो कोण मेलं.