तुमच्या पोर्टलवर, चॅनेलवर भाषा समजणारं सॉफ्टवेअर नक्की काय काम करतं

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो की एनएलपी एनएलपी म्हणतात ते आहे काय आणि आम्हाला त्याचा उपयोग काय, म्हणून हे पत्रक. एनएलपी म्हणजे नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, माणसं बोलतात लिहितात ती भाषा कॉम्प्युटरला हाताळता यावी म्हणून केलेलं सगळं काम. तुमचं न्यूज पोर्टल असो, पॉडकास्ट असो, व्हिडिओ चॅनेल असो, यातलं काही ना काही तुम्ही आत्ताही वापरताय, फोनमध्ये बोलून टाइप करता तेही यातच येतं.

सर्च आणि जुने लेख

इथून सुरुवात करू कारण सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि लोक नेमकं इकडेच बघत नाहीत. वाचक सर्चमध्ये 'पाणी' टाकतो आणि तुमच्या लेखांत असतं 'पाण्याचा', 'पाण्यात', 'पाण्यावरून'. साधा सर्च अक्षराला अक्षर जुळवतो, त्याच्या लेखी 'णी' वेगळा आणि 'ण्या' वेगळा, मग ढीगभर लेख असूनही तो दोन-चारच दाखवतो आणि वाचकाला वाटतं यांच्याकडे या विषयावर काहीच नाही. आपल्याकडे आधी शब्दाचं सामान्यरूप होतं, मग प्रत्यय लागतो, त्यावर परत शब्दयोगी अव्यय बसतं, त्यामुळे शब्दाचं मूळ रूप शोधणारा भाग मराठीसाठी वेगळाच बसवावा लागतो, इंग्रजीचा आणून चालत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो, स्क्रीनवर दिसतो एकसारखाच पण आतले युनिकोडचे (म्हणजे कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले) कोड वेगळे, म्हणजे डोळ्याला तोच शब्द आणि सर्चला दोन वेगळे शब्द. आम्ही हे आधी एकसारखं करून घेतो. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख असतील तर ते बदलल्याशिवाय पुढचं काहीच करू नका, कारण तो फॉन्ट काढला की खाली नुसती भलतीच चिन्हं उरतात आणि सॉफ्टवेअर तीच वाचत बसतं.

टॅग लावायचं कामही यातच होतं, लेखातली माणसं, गावं, संस्था आपोआप ओळखून. इंग्रजीत नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं, तेवढा तरी इशारा मिळतो, देवनागरीत तोही नाही. 'विजय', 'आशा', 'प्रकाश' हे नाव आहे की साधा शब्द ते आजूबाजूच्या वाक्यावरूनच कळतं, त्यामुळे टॅग पब्लिश व्हायच्या आधी कुणीतरी नजर टाकावीच.

हेडिंग, सारांश, नोटिफिकेशन

हे जरा नीट वाचा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि बहुतेक वेळा 'नाही' सुद्धा शेवटीच. समजा हेडिंग आहे 'अर्ज भरायची मुदत वाढवलेली नाही', फोनच्या नोटिफिकेशनमध्ये जागा संपली की उरतं 'अर्ज भरायची मुदत वाढवलेली...', आणि बातमी सरळ उलटी झाली, वाचक निवांत बसला, त्याचा अर्ज राहिला. म्हणून आमचं टूल आधी वाक्याचा शेवट तपासतं, तिथे नाही, नको, नव्हता असं काही सापडलं की 'अर्जाला मुदतवाढ नाही' असं छोटं हेडिंग सुचवतं. सारांशालाही हाच धोका असतो, शिवाय मशीन स्वतःच्या शब्दात सारांश लिहितं तेव्हा मूळ लेखात नसलेली गोष्टही घालू शकतं, त्यामुळे आकडे आणि नावं मूळ लेखाशी ताडून बघणं आम्ही सक्तीचं ठेवलंय.

बातमीच आपोआप लिहून मिळेल का असंही विचारतात. ठरावीक साच्यातली मिळते. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या सॉफ्टवेअरने बनवायला सुरुवात केली, कारण तिथे तक्ता ठरलेला, आकडे ठरलेले. घटनेची बातमी मात्र आम्ही मशीनकडून लिहून देत नाही.

सबटायटल्स

ओपनएआय या कंपनीने २०२२ मध्ये बोलणं ऐकून ते लिहून काढणारं व्हिस्पर नावाचं मॉडेल (म्हणजे नमुन्यांवरून शिकलेलं सॉफ्टवेअर) सगळ्यांसाठी खुलं केलं, ते ६ लाख ८० हजार तासांच्या ऑडिओवर शिकलेलं आहे, पण त्यातला मोठा भाग इंग्रजीचा, त्यामुळे इंग्रजीत जेवढं बरोबर येतं तेवढं मराठीत येईल असं धरून चालू नका. दोघं एकदम बोलली, मागे गाणं वाजत असलं की चुका वाढतात. दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन हे सबटायटलमध्ये हमखास तपासायचे शब्द. आणि भाषांतर करायचं असेल तर 'परवा' शोधून बघा, झालेला परवा की येणारा परवा हे फक्त क्रियापद सांगतं, 'परवाची मीटिंग' एवढंच असेल तर माणसालाही मागचं पुढचं बघावं लागतं.

कमेंट

कमेंटचा सूर ओळखायचं काम ज्यावर उभं करता येतं अशी तयार मॉडेल्स बऱ्याच भाषांमध्ये आहेत, गूगलच्या २०१८ च्या बर्ट या मजकूर समजणाऱ्या मॉडेलच्या बहुभाषिक आवृत्तीत १०४ भाषा आहेत, मराठी धरून. पण ते विकिपीडियाच्या मजकुरावर शिकलंय आणि तुमचे वाचक काही विकिपीडियासारखं लिहीत नाहीत. 'खतरनाक व्हिडिओ भावा' ही कमेंट आमच्या सुरुवातीच्या चाचणीत रागाच्या रकान्यात गेली होती, आणि 'वा, छान वाट लावली' कौतुकाच्या. शिवाय बरेच लोक मराठी इंग्रजी अक्षरात टाइप करतात, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. म्हणून आम्ही तुमच्याच जुन्या कमेंटवर मॉडेल शिकवतो, शिवीगाळ आणि धमक्या वर काढून देतो, पण डिलीटचं बटण तुमच्या माणसाकडेच ठेवतो, कारण तक्रार करणाऱ्या वाचकाची कमेंट चुकून उडाली तर तो परत येत नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

सुरुवात करायची तर आम्हाला ५० जुने लेख, एका महिन्याच्या कमेंट आणि १० मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा, लेख वर्ड फाइलमध्ये चालतील, पीडीएफ शक्यतो नको. कमेंटमधले फोन नंबर आणि ईमेल आधी काढून टाका, जमत नसेल तर सांगा, ते काढायचं छोटं टूल आम्ही देतो, ते तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. रेकॉर्डिंग स्टुडिओतलं निवडून पाठवू नका, रोज जसं करता तसंच पाठवा, म्हणजे कुठे किती चुका येतात ते पैसे भरायच्या आधीच तुम्हाला दिसेल.