परिचारिकांचे शिक्षण आणि रुग्णसेवेचा दर्जा

परिचारिकांच्या औपचारिक शिक्षणाचा रुग्ण वाचण्याशी काय संबंध आहे, हा परिचर्याशास्त्रातील महत्त्वाचा अभ्यासविषय. परिचर्या संशोधक लिंडा एकन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांची दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. नोकरीच्या वर्षांचा असा स्वतंत्र परिणाम मात्र दिसला नाही. युरोपातील ९ देशांच्या २०१४ च्या अभ्यासात ही घट ७ टक्के होती. तिथेच एका परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढत होती. हे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत.

शिक्षणाचा उपयोग मुख्यतः रुग्णाच्या प्रकृतीतला बिघाड लवकर ओळखण्यात होतो, आणि कोकणात हे फार ठळकपणे जाणवते. फुरसे हा विषारी साप चावलेल्या माणसाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे; गोठले नाही तर विष भिनले आहे असे समजायचे. चाचणी साधी, पण नळी मध्येच हलवली तर निष्कर्ष चुकतो. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेल्या प्राझोसिन या औषधाच्या पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवे ठेवून नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. भातलावणीच्या दिवसांत तापाचा रुग्ण आला, की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) शंका धरून लघवी कमी झाली का, डोळे पिवळे झाले का, हे सिस्टरने विचारायलाच हवे. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण अनेकदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हलवावा लागतो. इथे उशिरा कळले तर तो वेळ भरून निघत नाही.

भारतात एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) २ वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) ३ वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. परदेशातली टक्केवारी या उतरंडीला जशीच्या तशी लावणे चूक, आणि आरोग्य उपकेंद्राचा डोलारा सांभाळणाऱ्या एएनएमला कमी लेखणे तर अन्यायच. जीएनएम झालेल्यांना २ वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी घेता येते. मात्र शिकायला गेलेल्या सिस्टरच्या जागी दुसरी नेमली नाही, तर मागे उरलेल्यांवर रुग्णांचा भार वाढतो.