कुपवाडचं व्याकरण

सांगली-मिरजेकडच्या कितीतरी मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं सर्रास म्हणतात. पुण्यात शिकायला गेल्या की त्यावरून हसं होतं. मग होस्टेलवर ‘आले’ आणि घरी फोनवर ‘आलो’ सुरू होतं. कन्नडमध्ये ‘मी’चं क्रियापद बाईला आणि पुरुषाला सारखंच असतं. इकडच्या मराठीला ही सवय तिथूनच लागली असावी. हसणाऱ्यांनी नकाशा बघावा.

भाषाशास्त्रात गाजलेलं भाषांच्या शेजाराचं उदाहरणही सांगलीचंच आहे. आज कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते, पण जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा ते तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांत उर्दू, दलित आणि इतर भूमिहीनांत मराठी, थोड्या घरांत तेलुगू. बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा यायच्याच.

शेकडो वर्षांच्या या सहवासात भाषांचे सांगाडे जुळत गेले. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यही त्याच क्रमानं, जवळपास प्रत्ययाला प्रत्यय लावून. प्रमाण उर्दूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना ‘हम’. कुपवाडच्या उर्दूनं मराठीसारखा फरक केला. ‘हे तुमचं घर’ एवढ्यावर कन्नडचं भागतं, पण इथल्या कन्नडला शेवटी ‘आहे’ लागू लागलं.

मग चारांची एकच भाषा का झाली नाही? गम्पर्झ-विल्सन यांचं उत्तर जातीकडे बोट दाखवतं. घरातली भाषा ही आपल्या माणसांची खूण, म्हणून शब्द ज्याचे त्यानं राखले. चारचौघांत मात्र मराठी चालायची, कारण तिच्यात बोलल्यानं कुणी कुणाच्या उंबऱ्याआत शिरत नसे. बहुभाषिक गावाचं कौतुक करताना ही बाजू आपण सोयीनं विसरतो.

पुढे सुमारे चार दशकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडच्या बोली पुन्हा तपासल्या आणि वाक्यं ‘प्रत्ययाला प्रत्यय’ जुळतात या गम्पर्झ-विल्सन यांच्या दाव्याची चिकित्सा केली. तोवर खेडं महापालिकेत गेलं होतं.