लेप्टो फुप्फुसांपर्यंत पोहोचतो तेव्हा

मुंबईत हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून वाट काढत घरी पोहोचलं की आपण पाय धुतो, चहा घेतो आणि विसरून जातो. आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, तेव्हा त्या पाण्याचा विषयही कुणी काढत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरलं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची साथ उसळली.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू. तो इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. उंदराच्या मूत्रपिंडात त्याचा मुक्काम असतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण त्याच्या लघवीतून जिवाणू पाण्यात येत राहतात. चपलेने सोललेली टाच किंवा बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, आत शिरायला एवढी वाट पुरते.

आजाराचा पहिला आठवडा हा जिवाणू रक्तात फिरतो. ताप, डोकेदुखी, हात लावू देत नाहीत इतक्या ठणकणाऱ्या पोटऱ्या, लालबुंद डोळे. कावीळ दिसली की घरचे घाबरून धावपळ करतात. मला जास्त धास्ती वाटते ती फुप्फुसांची, कारण तिथला रक्तस्राव कावीळ नसतानाही सुरू होऊ शकतो. फुप्फुसातली हवा आणि रक्त यांच्यामध्ये जेमतेम अर्धा मायक्रॉनचा पडदा असतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा झाली की रक्त वायुकोशांत झिरपू लागतं. थुंकीत रक्त दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते आतच साचतं आणि बाहेरून जाणवते ती फक्त धाप. काही रुग्णांना दिवसभरातच व्हेंटिलेटर लागतो. तीव्र रक्तस्रावात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावल्याच्याही नोंदी आहेत.

त्यात रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी आयजीएम चाचणी पहिल्या काही दिवसांत अनेकदा निगेटिव्ह येते, म्हणून संशय आला की रिपोर्टसाठी न थांबता डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात. पण संशय यायला त्यांना पाण्याची गोष्ट कळायला हवी. मलेरिया आणि डेंगीचा तापही सुरुवातीला असाच असतो. ताप अंगावर काढू नका, आणि साचलेल्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

अशा पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका सांगते. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं.