जॉन सी. बटलर : वैमानिक आणि युद्धनौका

दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक आघाडीविषयी वाचताना ‘जॉन सी. बटलर’ हे नाव कधी मिडवेच्या लढाईत भेटते, तर कधी फिलिपिन्समधील सामार बेटाजवळच्या लढाईत, आणि दोन्हीकडे विमानवाहू जहाजांचा विषय असल्यामुळे गल्लत होते. मराठीत क्रियापद नीट वापरले तर निम्मा गोंधळ तेथेच मिटतो: मिडवेला वैमानिक बटलर कामी आले (म्हणजे मारले गेले), सामारला त्यांच्या नावाची युद्धनौका बटलर लढली.

एन्साइन (नौदलातील कनिष्ठ अधिकारी) जॉन क्लॅरेन्स बटलर हे ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरील तिसऱ्या बॉम्बफेकी स्क्वाड्रनचे वैमानिक होते. 4 जून 1942 रोजी दुपारी ‘हिर्यू’ या जपानी विमानवाहू जहाजाच्या विमानांनी यॉर्कटाउनला जबर तडाखा दिला, तेव्हा या स्क्वाड्रनची विमाने ‘एंटरप्राइझ’ या दुसऱ्या अमेरिकी विमानवाहू जहाजावर उतरली आणि तेथूनच हिर्यूवर चालून गेली. त्या हल्ल्यात जपानी लढाऊ विमानांनी बटलर यांचे विमान पाडले. हिर्यू बुडाले, बटलर यांना मरणोत्तर नेव्ही क्रॉस हे अमेरिकी नौदलाचे शौर्यपदक मिळाले. नौकेच्या कीर्तीपुढे हा तरुण अधिकारी केवळ नावापुरता उरतो, हे मला खटकते.

त्यांच्या नावाची नौका मार्च 1944 मध्ये सेवेत दाखल झाली, म्हणजे त्यांनी ती कधीच पाहिली नाही. पाणबुड्यांपासून ताफ्याचे रक्षण करणे हे तिचे मुख्य काम होते. पाच इंची दोन तोफा, तीन टॉर्पेडो नळ्या आणि सुमारे 24 नॉट वेग एवढेच तिचे बळ. 25 ऑक्टोबर 1944 रोजी सामारजवळ ‘यामातो’सह चार जपानी बॅटलशिप (अवजड तोफांच्या अवाढव्य युद्धनौका), क्रूझर आणि विनाशिका अचानक समोर आल्या, तेव्हा तिने सहा लहान विमानवाहू जहाजांना लपवण्यासाठी धुराचा पडदा उभा केला आणि दारूगोळा संपत येईपर्यंत आपल्याहून कितीतरी बलाढ्य जहाजांवर तोफा डागल्या. वैमानिक शत्रूच्या विमानवाहू जहाजावर तुटून पडले होते. नौका स्वतःच्या विमानवाहू जहाजांना वाचवत होती. हा भेद लक्षात राहिला की दोन्ही लढाया आपोआप वेगळ्या होतात.

आणखी एक गुंता आहे, तो वर्गाचा. याच आराखड्यावर बांधलेल्या 83 नौकांना ‘जॉन सी. बटलर वर्ग’ म्हणतात, आणि सामारला असलेल्या चारही संरक्षक नौका याच वर्गातल्या होत्या. त्यांपैकी ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ बुडाली, त्यामुळे ‘बटलर वर्गातील नौका सामारला बुडाली’ हे विधान बरोबर आहे, पण ‘बटलर बुडाली’ हे चूक. बटलर महायुद्धातून सुखरूप परतली आणि पुष्कळ वर्षांनी अमेरिकी नौदलानेच तिला सरावाचे लक्ष्य म्हणून बुडवले.